खिडकीपाशी सोडलेली जागा

सकाळी पुढच्या खोलीचं दार उघडलं तेव्हा खिडकीखाली, हॉटेलच्या त्या भल्यामोठ्या हिरव्या गालिच्यावर, खाटेच्या चार पायांचे खळगे पडलेले होते. खाट तिथे नव्हती. आमच्या पुढच्या खोलीत सामान म्हणून नसतंच काही. ती वाळवणाची खोली आहे, तिथे फरशी, पंखे आणि लोकांचे गालिचे. माझं सगळं आयुष्य गालिच्यांत गेलं, खळगा ओळखायला मला चष्मा लागत नाही. कपाटाचा खळगा रुंद आणि उथळ असतो, टेबलाचा लहान असतो, आणि ज्या खुर्चीत एकच माणूस वर्षानुवर्षं बसलं तिचे मागचे दोन पाय जास्त रुततात. हे खाटेचे होते. अरुंद, एकट्या माणसाच्या खाटेचे. डोक्याकडचे दोन पायथ्याच्या दोनांपेक्षा खोल होते, म्हणजे खाट रिकामी नव्हती. भीती वाटली असं लगेच म्हणवत नाही. आधी राग आला. गालिचा काल माझ्या धाकट्या भावानं पसरला होता, आणि पसरताना त्यानं ती जागा सोडली नव्हती.

जागेचं जरा सांगायला हवं. आमच्याकडे गालिचा लहान येवो की मोठा, आडवा टाका की उभा, खिडकीखालची एका खाटेएवढी जागा मोकळी ठेवायची. मी शाळेत जायच्या आधीपासून हे असंच आहे. बाबा होते तेव्हा सांगायचे, तिथे फरशी खचलीय, पाणी धरते. आई सांगायची, तिथे ऊन थेट पडतं, रंग उडतात. मोठी झाल्यावर एकदा घरात कुणी नसताना मी तिथे तांब्याभर पाणी ओतून पाहिलं, ते चारी बाजूंना सारखं पसरलं. ऊन म्हणाल तर त्या खिडकीतून जेमतेम उजेड येतो, समोर उंच भिंत आहे. दोन्ही कारणं खोटी होती हे मला कळलं आणि मी गप्प बसले. घरातल्या काही गोष्टी विचारायच्या नसतात, त्यांना वळसा घालायचा असतो. आम्ही खरोखरच वळसा घालायचो. खिडकी लावायला जायचं तर भिंतीच्या कडेकडेनं जायचं. मैत्रिणी आल्या की हसायच्या, तुमच्याकडे काय अदृश्य टेबल आहे का म्हणून विचारायच्या. मीही हसायचे आणि हसता हसता कडेनंच जायचे. अजूनही जाते. त्या दिवशी सकाळीसुद्धा, सबंध खोलीत गालिचा अंथरलेला असताना, मी खळग्यांच्या बाहेरून फिरून त्यांच्यापाशी पोचले आणि मग स्वतःचाच राग आला.

धाकटा मागे पंप धूत होता. त्याला बोलावलं.

"हे काय आहे?"

"काय?"

"हे. चार."

तो उकिडवा बसला, एका खळग्यावरून बोट फिरवलं. "जुने असतील. धुताना उठले नसतील."

"हॉटेलच्या मधल्या दालनातला आहे हा. तिथे स्टूलसुद्धा नसतं. आणि धुताना मी उभी होते."

"मग तूच सांग, ताई, कोण येऊन झोपलं इथे?" तो म्हणाला आणि हसला, पण बोट त्यानं पँटला पुसलं. "हे बघ, एवढा मोठा गालिचा ती जागा सोडून बसवायचा कुठे? माझ्या डोक्यावर? बाबांच्या वेळी दारापुढची पायपुसणी यायची. आता हॉटेल आलंय. वर्षभराचं काम आहे. एका चौकोनापायी ते सोडायचं का?"

धाकट्याचं धंद्यातलं डोकं चांगलं आहे हे मी कुणापुढेही कबूल करते. टेम्पो त्यानं आणला, मोठे पंखे त्यानं बसवले. ते पंखे तो कधी बंद करू देत नाही, खोली रिकामी असली तरी करू देत नाही, आणि यावरून आमची वरचेवर जुंपते. तो गेल्यावर मी वाफेची इस्त्री आणली. गुडघ्यावर बसून एकेका खळग्यावर वाफ सोडली, लव ब्रशनं उलट विंचरली. लव निमूट उठून उभी राहिली. गालिचा पुन्हा सपाट झाला आणि मला बरं वाटलं. डोक्यामागून मला कुणी बघत असावं अशी मान अवघडली होती, ती मी वाकून काम केल्याच्या खात्यावर टाकली.

आमचा धंदा कसा सुरू झाला याची एक गोष्ट आहे. ती गिऱ्हाइकाला सांगायची गोष्ट आहे, आणि मी ती चहाचा कप हातात देता देता सांगते. आमच्या घरी एक आजारी माणूस होतं, त्याला बघायला डॉक्टर यायचे. डॉक्टरांनी एक दिवस खाटेखालचा गालिचा पाहिला आणि विचारलं, रोग्याच्या खाटेखाली इतका स्वच्छ गालिचा कसा काय? कोण धुतं? आई पदराआड हसली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी स्वतःच्या दवाखान्यातला गालिचा पाठवून दिला, आणि तेव्हापासून आम्ही लोकांचे गालिचे धुतोय. गिऱ्हाइकाला ही गोष्ट आवडते. ते आजारी माणूस कोण होतं, असं आजवर कुणीही विचारलेलं नाही. मीही ते इतक्या वेळा "एक आजारी माणूस" असं म्हटलंय की ती माझी सख्खी आत्या होती हे मलाच आठवावं लागतं.

आत्या नाटकाच्या थिएटरात कपडेपट सांभाळायची. थिएटरनं जुने गालिचे काढून टाकले तेव्हा तिनं त्यातला एक तुकडा मागून आणला, वांगी रंगाचा, कडेला जळक्या सिगारेटचं भोक असलेला. घरात तिच्या मालकीची म्हणावी अशी तीच एक वस्तू. पुढे तिनं अंथरूण धरलं तेव्हा खाट या पुढच्या खोलीत खिडकीखाली टाकली आणि खाली तो गालिचा, कारण सकाळी पाय खाली सोडले की मऊ लागायला हवं असा तिचा हट्ट होता. पाय खाली सोडणं लवकरच संपलं, हट्ट राहिला. औषध सांडायचं, पेज सांडायची, आणखी जे जे सांडायचं ते सांडायचं. आई धुवायची. रोजच धुवायची, आणि रोज धुता धुता शिकली. डाग बाहेरून आत घ्यायचा, आतून बाहेर कधीच नाही. चोळायचं नाही, टिपायचं. व्हिनेगर कधी घालायचं, सोडा कधी, आणि दोन्ही एकदम का नाही. आज आम्ही जे जे करतो ते सगळं आई त्या खाटेखाली, गुडघ्यांवर, वर आत्या कण्हत असताना शिकली. आत्याबद्दलचं हे मला आठवत नाही, ऐकून माहीत आहे. मला आठवतो तो वास. व्हिनेगर, ओली लोकर आणि त्यांच्याखाली लपलेलं काहीतरी गोडसर.

आणि एक आठवतं ते माझं काम. धंद्यातलं माझं पहिलं काम. आमच्या घरात गालिचा वाळला असं कुणी उगाच म्हणत नाही. वरची लव लगेच कोरडी होते, ती फसवते. कोपरा उचलायचा, मनगटाची आतली बाजू गालिच्याच्या पाठीला लावायची, श्वास धरून थांबायचं. पाठ वाळली तरच वाळला. बाबा गिऱ्हाइकाला तारीख देत नसत. वाळला की देऊ, एवढंच. लोक चिडायचे आणि पुन्हा आमच्याकडेच यायचे, कारण आमच्याकडून गेलेल्या गालिच्याला कधी वास आला नाही. मनगट लावायचं काम माझं होतं. लहान मुलीचं मनगट नाजूक, त्याला ओल लगेच कळते. मी कोपरा उचलून मनगट लावायचे आणि मोठ्यांदा ओरडायचे, "अजून ओला!" मला त्याचा फार अभिमान होता. हा शेरा कुणासाठी होता? मागच्या बाजूला बाबा असायचे, त्यांच्यासाठी असणार, असं मी धरून चालले होते. त्याच्यापलीकडे कधी विचार केला नाही.

दुपारी जेवून आले तर खळगे परत पडलेले होते. त्याच जागी, तेवढेच खोल. मी कोपरा उचलला, मनगट लावलं. कोपरा वाळला होता. मग गालिच्याची ती बाजू दुमडत दुमडत खिडकीपर्यंत गेले आणि पाठीवर चार खळग्यांच्या मध्ये मनगट ठेवलं. गार, पाणी सुटावं इतकं ओलं. बाकीची पाठ कोरडी ठणठणीत आणि तेवढा चौकोन भिजलेला. आता मात्र भीती वाटली, सरळ भीती, लहानपणी काळोख्या न्हाणीघराची वाटायची तशी. मी गालिचा सोडून दिला आणि मागच्या अंगणात उन्हात जाऊन उभी राहिले. धाकट्याला म्हटलं, वाळत नाहीये. तो म्हणाला, आणखी एक दिवस दे, आणि तेवढ्यात आईचं उरकून टाकू.

आईचं म्हणजे असं. आई वरच्या मजल्यावर राहते. गेल्या महिन्यात पडली, खुबा दुखावला, आणि डॉक्टरांनी (हे दुसरे डॉक्टर, त्या पहिल्यांच्या मुलाच्या वयाचे) स्वच्छ सांगितलं की तिला आता जिना नको, खाली आणा. संडास, न्हाणी सगळं खालीच आहे. खाली खोल्या दोनच. पुढची वाळवणाची आणि मागची, धुण्याच्या जागेला लागून असलेली, जिच्या भिंतींना बाराही महिने ओल असते. तिथे आम्ही ब्रश, पिंपं आणि साबणाचे डबे ठेवतो. धाकट्यानं ठरवलं, सध्या मागे. मला ते पटलं. खरंच पटलं, कुणी माझ्यावर लादलं नाही. चार दिवसांचा प्रश्न होता आणि हॉटेलचा गालिचा होता. त्या दुपारी तर पुढच्या खोलीत आईला ठेवायचं या कल्पनेनं मला शहारा आला होता. मी जिना चढून वर गेले.

आई खिडकीकडे तोंड करून पडली होती. मी तिची चादर सारखी केली आणि म्हटलं, "उद्या तुला खाली नेतो. थोडे दिवस मागच्या खोलीत राहा. पुढे हॉटेलचा गालिचा पडलाय. तो वाळला की तुझी खाट खिडकीपाशी घेते."

आईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "पुन्हा म्हण."

"काय?"

"आत्ता म्हणालीस ते."

"गालिचा वाळला की खिडकीपाशी घेते."

"हां," आई म्हणाली. "मीसुद्धा अगदी असंच म्हटलं होतं. याच सुरात. चादर सारखी करता करता."

मी खाटेच्या काठावर बसले. आई छताकडे बघत बोलत राहिली, भाजी निवडताना बोलतात तसं. "डॉक्टरांचा गालिचा आला आणि टाकायला जागा नाही. तुझे बाबा म्हणाले, दोन-चार दिवस वन्संना मागे ठेवू. डोक्याकडून त्यांनी धरली खाट, पायाकडून मी. वन्संचं वजन काही नव्हतं, खाटच जड. त्या एवढंच म्हणाल्या, वहिनी, परत कधी आणाल? मी म्हटलं, हा गालिचा वाळला की आणते. बरं म्हणाल्या. सावकाश होऊ दे म्हणाल्या."

"मग?"

"मग तो वाळला तोवर दुसरा आला होता. डॉक्टरांच्याच ओळखीचा. मग तिसरा. घरात पहिल्यांदा पोटभर येत होतं गं. मला ते काम येत होतं, लोक मला नावाजत होते. कधी कुणी नावाजलं होतं मला?" तिनं ओठांवरून जीभ फिरवली. "त्या भिंतीपलीकडून विचारायच्या. रोज. वाळला का?"

"आणि तू काय सांगायचीस?"

"मी कुठे. तू सांगायचीस. तुझा आवाज मोठा."

माणसाला एखादी गोष्ट अर्धीच आठवत असते आणि ती अर्धी आहे हे जन्मभर कळत नाही. मला माझं उत्तर तेवढं आठवत होतं. आता त्याच्या आधीचा प्रश्न ऐकू आला, भिंतीपलीकडून, बारीक, घसा कोरडा पडलेल्या माणसाचा, पण लाडाचा. वाळला का गं? आणि मी, फ्रॉकमधली, गालिच्यावर पोट टेकून, मनगट पाठीला लावून, खणखणीत आवाजात, "अजून ओला!" तो आमचा खेळ होता. मला तो खेळ वाटत होता. एक दिवस तिकडून विचारणा झाली नाही तरी मी मनगट लावलं आणि ओरडले, आणि आई मागून धावत येऊन तिनं माझं तोंड दाबलं. त्या हाताला व्हिनेगरचा वास होता. तो हात मला नेहमी आठवायचा. मी काहीतरी खोडी केली असेल असं समजून मी तो सोडून दिला होता.

"ती जागा," मी म्हटलं.

"त्यांची आहे. कबूल केलं होतं त्यांना. तुझे बाबा त्या दिवसापासून तिथे कधी काही टाकू शकले नाहीत. मीही नाही."

"धाकट्यानं टाकलाय."

"मला कळलं," आई म्हणाली. कसं कळलं ते मी विचारलं नाही. मग ती म्हणाली, "मला मागे ठेवलंस तरी मी काही बोलणार नाही."

"तुला जायचंय का मागे?"

आईनं माझं मनगट धरलं. "नाही. मला भीती वाटते तिथे. तिथे पडून माणूस ऐकतच राहतं, बाकी करणार काय. मला नको गं तिथे ठेवूस."

माझ्या आईनं आयुष्यात काही मागितलेलं मला माहीत नाही. मी खाली आले ती थेट पुढच्या खोलीत, आणि खोलीच्या मधून, खळग्यांच्या मधून चालत गेले. तळव्यांना ओल लागली. खिडकीकडचा काठ उचलला आणि गालिचा गुंडाळायला घेतला. धाकटा आवाज ऐकून आला आणि दारातच थबकला. आमच्या धंद्यात ओला गालिचा गुंडाळण्याइतकं दुसरं पाप नाही. रंग एकमेकांत उतरतात, पाठ कुजते, आणि एकदा धरलेला वास मरेपर्यंत सुटत नाही.

"डोकं फिरलंय का तुझं? उद्या हे घाण मारायला लागेल. हॉटेल हातचं जाईल."

"जाऊ दे."

"जाऊ दे काय! बाबांपासून एवढं नाव कमावलं ते..."

"आईची खाट इथे येणार आहे. आज. पंखे बंद कर आणि दुसरं टोक धर."

पंखे बंद कर म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. तो भिंतीशी गेला, बटणावर हात ठेवून उभा राहिला. "पंखे बंद केले की," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला ऐकू येतं कधी कधी. कुणीतरी काहीतरी विचारतंय असं. मागून." तो जन्मला तेव्हा आत्या जाऊन वर्षं झाली होती, आणि तिची गोष्ट त्याला कुणी सांगितलेली नव्हती. मी त्याला म्हटलं, मला माहीत आहे. त्यानं पंखे बंद केले आणि वाकून गालिच्याचं दुसरं टोक धरलं.

मागच्या खोलीत ब्रशांच्या आणि डब्यांच्या खाली जी लोखंडी खाट होती ती आम्ही इतकी वर्षं फळी म्हणून वापरत होतो. डबे उतरवले, गंज पुसला. डोक्याकडून त्यानं धरली, पायाकडून मी. ती खरोखरच जड होती. खिडकीखाली टेकवली तेव्हा सरकवावी लागली नाही. मग गादी घातली आणि आईला खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवलं, पायरी पायरीनं, ती डोळे मिटून आम्हा दोघांच्या माना धरून. तिला खाटेच्या मधोमध निजवलं, नीट, उशी देऊन. आणि आई सरकायला लागली. दुखऱ्या खुब्यावर, दात आवळून, अर्धी अर्धी वीत, भिंतीकडे. मी म्हटलं, अगं काय करतेस, लागेल तुला. तिनं ऐकलं नाही. भिंतीला पाठ लागेपर्यंत सरकली, आणि अर्धी खाट रिकामी झाली.

"आता सांग," आई म्हणाली.

"काय?"

"वाळला म्हणून सांग त्यांना. मी सांगून पटायचं नाही. त्या तुझंच ऐकायच्या."

हॉटेलचा गालिचा मी आणि धाकट्यानं दाराशी उभा करून ठेवला होता. त्याच्यातून पाणी निघत होतं, फरशीवर ओघळ आला होता, माझी बाही कोपरापर्यंत भिजली होती. आमच्या घरात हा शब्द कधी कुणी खोटा उच्चारला नव्हता. धाकटा माझ्याकडे बघत होता. पंखे बंद होते, गालिच्याचं पाणी ठिबकताना ऐकू येत होतं. मी मागच्या भिंतीकडे तोंड केलं, छातीत हवा भरली आणि लहानपणी ओरडायचे तसं, त्याच आवाजात ओरडले.

"वाळला!"

आई मागच्या दाराकडे बघत होती. मग तिची नजर हलली, सावकाश, फरशीवरून, थांबत थांबत, एखाद्या अशक्त माणसाला चालायला वेळ लागतो त्या बेतानं, खाटेपर्यंत आली. तिनं आपल्या अंगावरची चादर ओढून रिकाम्या अर्ध्या भागावर सारखी केली. धाकटा मागच्या दाराशी उभा होता. वाट द्यावी तसा तो केव्हाच बाजूला झाला होता.